टेम्पो दिसला, मृत्यूचा दाखला दिसला नाही

सरकारच्या संगणकाला माणसाचं नाव काढायचं असलं की सगळं सापडतं, आणि त्याच माणसाला काही द्यायचं असलं की काहीच सापडत नाही. या महिन्यात हे पुन्हा एकदा बघितलं आणि माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही.

काकूचा लाडकी बहीणचा हप्ता बंद झाला. कारण काय, तर कुटुंबात चारचाकी आहे. काकू बाजाराला एसटीने जाते, शेतात चालत जाते. कुठली चारचाकी? तालुक्याला विचारत विचारत शेवटी कळलं, की धाकट्या काकांच्या मुलाने भाजी यार्डात न्यायला छोटा हत्ती घेतलाय, तीच ती चारचाकी. त्यांच्या चुली वेगळ्या होऊन पंधराएक वर्षं झाली. सातबारा वेगळा, लाइटचं मीटर वेगळं, घरपट्टी वेगळी. एकत्र राहिलंय ते फक्त रेशनकार्ड, कारण ते विभक्त करायला गेलं की पुरवठा शाखेत कुणी दाद लागू देत नाही. कुठेतरी कुणीतरी आरटीओची यादी आणि रेशनकार्डांची यादी एकमेकींना जोडली, त्यात काकूचं नाव टेम्पोशेजारी आलं, आणि पंधराशे रुपये थांबले.

आता ऐका. याच योजनेच्या शासन निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं असं लिहिलंय. काकूचे यजमान गेले, दोन्ही मुलींची लग्नं झाली. म्हणजे सरकारच्याच कागदाप्रमाणे काकूचं कुटुंब म्हणजे काकू एकटी. पुतण्याचा टेम्पो त्यात येतोच कुठून? मी तो निर्णय मोबाइलवर काढून खिडकीपलीकडच्या साहेबांपुढे धरला. ते म्हणाले, "ताई, हे वरून आलंय. आमच्या लॉगिनला बदलता येत नाही." मग कुणाच्या लॉगिनला येतं? तेही त्यांना माहीत नव्हतं. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, पोच मागितली, तर पोच देत नाही म्हणाले. अर्ज घेतलाय आणि पोच देत नाही! काकू माझा हात ओढत होती, "चल बाई, जाऊ दे, उगाच त्यांचा राग नको." स्वतःच्या हक्काचे पैसे विचारायला गेलेल्या बाईला रागाची भीती वाटावी, याने मला जास्त संताप आला.

आणि याच बाईला ई-केवायसीला काय मागितलं? नवऱ्याचा आधार नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी. काका २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचं सिम केव्हाच बंद झालं, ओटीपी येणार कुठे? राज्यभर विधवा बायकांनी ओरड केल्यावर सरकारने मुदत वाढवली, आणि मग सांगितलं की मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे नेऊन द्या. अहो, तो दाखला तुम्हीच दिलाय. त्याची नोंद तुमच्याच रजिस्टरला आहे. कोविडचे पन्नास हजार तुम्हीच त्या दाखल्यावर दिले. रेशनवरचं काकांच्या नावाचं पाच किलो धान्य तर बघता बघता बंद झालं, तेव्हा ते गेल्याचं बरोबर कळलं होतं. धान्य तोडताना मृत्यूची नोंद दिसते, बायकोला केवायसी करायची असली की तीच नोंद दिसत नाही. पुतण्याचा टेम्पो मात्र दिसतो.

मी स्वतः नोकरीत हेच काम करते. दोन याद्या घ्यायच्या, जुळवायच्या, कुठली नावं एकाच माणसाची ते ठरवायचं. त्यामुळे मला कुणी तंत्रज्ञानाच्या गप्पा सांगू नयेत. आपल्याकडे आधारवर नाव नवऱ्याच्या नावाने, बँकेत माहेरच्या नावाने, सातबाऱ्यावर "बाई" लावून आणि मतदारयादीत "बाई" काढून असतं. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं. अशा याद्या जुळवल्या की चुका होणारच, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. आमच्याकडे साध्या गिऱ्हाइकांच्या यादीत बदल करायचा तरी आधी थोडी नावं हाताने तपासतात, शंका असेल ती बाजूला काढतात. तेही लोकांना कुठली ऑफर पाठवायची एवढ्यासाठी. इथे बाईचा महिन्याचा किराणा आहे, आणि तपासणी नंतर करायची ठरते!

नंतरच झाली ना? जून २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार जणींचे पैसे थांबवले, आणि घरोघरी जाऊन खरं काय ते बघा म्हणून याद्या जिल्ह्यांना धाडल्या त्याच्यानंतर. आधी फाशी आणि मग चौकशी. अर्ज घेताना २०२४ च्या पावसाळ्यात ही हुशार यंत्रणा कुठे होती? तेव्हा ना आरटीओची यादी आठवली ना इन्कम टॅक्सची. चौदा हजारांवर पुरुषांनी बहिणींचे पैसे उचलले, सरकारी नोकरीतल्या बायकांनी उचलले, तेव्हा कुणालाही काही जुळवावंसं वाटलं नाही. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, आणि फेब्रुवारीत चारचाक्यांच्या याद्या अंगणवाडी सेविकांच्या हातात आल्या. त्या पुरुषांना काढा, वसूलही करा. पण "आमच्या टॅक्सचे पैसे आहेत, छाननी झालीच पाहिजे" म्हणत जे शहाणे दर वेळी पुढे येतात, त्यांनी एकदा सांगावं की काकूने नक्की कुणाचा टॅक्स खाल्ला.

आणि त्या अंगणवाडी सेविका! सगळी घाण शेवटी त्यांच्याच पदरात. पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप त्यांनी भरायचं, मुलांची वजनं-उंच्या त्यांनी चढवायच्या, पोषण आहाराच्या पाकिटासाठी आईचा चेहरा मोबाइलपुढे धरून ओळख पटेपर्यंत उन्हात थांबायचं, आणि वर गावातल्या बायकांच्या दारात जाऊन "तुमच्याकडे गाडी आहे का" विचारून शिव्या खायच्या. २०२१ मध्ये त्यांनी सरकारचे मोबाइल परत केले होते. मोबाइल धड चालत नाहीत, ॲप मराठीत नाही, हे त्यांचं म्हणणं. पुण्या-मुंबईत लोक हसले होते त्यांना. आज मोठ्या पडद्यांवर जे रंगीत आकडे दाखवून मंत्री आणि सचिव टाळ्या घेतात, तो प्रत्येक आकडा यातल्याच एखाद्या बाईने रेंज शोधत माळावर उभं राहून भरलेला असतो. तिचं मानधन वाढवायचं म्हटलं की तिजोरीत खडखडाट.

२०१७ ची कर्जमाफी आठवते का? शेतकऱ्याला नवरा-बायको दोघांनी बोटं टेकवत सेवा केंद्राबाहेर रात्र काढायला लावली. दिवाळीत मंचावर बोलावून प्रमाणपत्रं वाटली, आणि मग कळलं की बँकांकडून आलेल्या यादीत एकच आधार क्रमांक कितीतरी शेतकऱ्यांपुढे. घोळ बँकेचा, घोळ पोर्टलचा, आणि पैशांसाठी थांबला शेतकरी. आमच्या वडिलांनी ते सगळं सोसलं. आता शेतकरी ओळख क्रमांक काढा. त्याआधी ई-पीक पाहणी करा, स्वतःच्या बांधावर उभं राहून फोटो काढा, लोकेशन जुळत नाही म्हणून परत काढा. दर दोन वर्षांनी नवं ॲप येतं आणि त्याच माणसाकडून तीच माहिती नव्याने मागतं. नाव, गाव, गट नंबर, जात, खातं. मग आधी दिलेल्याचं काय केलंत?

हे आपल्याकडेच नाही. तेलंगणात समग्र वेदिका नावाची यंत्रणा उभी केली. तीसपेक्षा जास्त खात्यांच्या याद्या एकत्र, कोण गरीब ते संगणकाने ठरवायचं. तिथे लाखो रेशनकार्डं रद्द झाली, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जा, प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. हरियाणात परिवार पहचान पत्रात, म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या सरकारी ओळखनोंदीत, १०२ वर्षांच्या आजोबांना मेलेलं दाखवून पेन्शन बंद केली. त्याच वर्षी त्या म्हाताऱ्या माणसाने रोहतकमध्ये नवरदेवासारखी वरात काढली, मी जिवंत आहे हे सांगायला. लोकांनी तो व्हिडिओ गंमत म्हणून फिरवला. मला त्यात गंमत दिसली नाही, आजही दिसत नाही.

आणि करायचं म्हटलं तर उलटही करता येतं. राजस्थानने २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल काढलं. कुठल्या गावात कुणाला काय मिळतं, कुणाचं नाव कुठल्या यादीत, हे कुणालाही अर्ज न करता बघता येतं. माहितीच्या अधिकारासाठी झगडलेल्या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेने पाठपुरावा करून ते करून घेतलं. याद्या त्याच, पण तोंड लोकांकडे. आपल्याकडे मृत्यूच्या नोंदी आहेत, रेशनकार्डं आहेत, वय आहे. त्या जोडून या वर्षी तालुक्यात किती बायका विधवा झाल्या आणि त्यातल्या किती जणींना निराधारची पेन्शन मिळत नाही, हे मंत्रालयातून एका दुपारात काढता येईल. तलाठ्याला यादी देऊन म्हणता येईल, या दारात जा, अर्ज भरून घे. काकूला गेल्या चार-पाच वर्षांत असं विचारायला एकही माणूस आला नाही. ती आपणहून गेली, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर अडली. निराधारला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५०. गॅस, लाइट आणि बीपीच्या गोळ्या घेऊन बघा जरा १७५० रुपयांत.

आता म्हणतात रेशनकार्ड विभक्त करून आणा, मग बघू. त्यासाठी धाकट्या काकांची सही लागते, आणि टेम्पोवरून बोलाचाली झाल्यापासून दोन्ही घरांचा अबोला आहे. सख्ख्या भावांच्या घरात हे भांडण तुमच्या यादीने लावलंय. काकू काही विभक्त करणार नाही आणि मीही तिला करायला सांगणार नाही. तिची एकही नोंद चुकीची नाही, तुमची जोडणी चुकीची आहे. ती तुम्ही दुरुस्त करा. पैसे थांबवायच्या आधी लेखी नोटीस द्या, कुठल्या नोंदीवरून थांबवताय ते त्यात लिहा, खाली अधिकाऱ्याचं नाव आणि सही असू द्या. आणि काकूचे थांबलेले सगळे हप्ते, पहिल्या थांबलेल्या महिन्यापासून, तिच्या खात्यावर टाका.