मांजरीच्या आधी माणसं उभी राहिली होती

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीने परवा पुन्हा तोच फॉरवर्ड टाकला. टोपी घातलेली मांजर आणि खाली ओळ : ‘जपानमध्ये एका मांजरीने बंद पडणारी रेल्वे वाचवली!’ त्या स्टेशनवर मी बाबांना घेऊन जाऊन आले आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

स्टेशनचं नाव किशी. वाकायामा प्रांतातल्या किशिगावा लाइनवरचं शेवटचं स्टेशन. अख्खी लाइन १४.३ किलोमीटरची, एकेरी रूळ, दोन डब्यांची गाडी. १९१६ साली ती सुरू झाली तेव्हा वाटेतल्या तीन देवस्थानांना जाणारे यात्रेकरू हा तिचा मोठा आधार होता. किशीपर्यंत रूळ पोचले १९३३ मध्ये.

बाबा जपानला आले ते खरं तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थासाठी. तिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेबांचा पुतळा बसवला आहे आणि त्यांना तो एकदा डोळ्यांनी पाहायचाच होता. डोंगर उतरून आम्ही वाकायामात मुक्काम केला. प्रांत तोच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी किशीची गाडी धरली.

आता मूळ मुद्दा. ही लाइन आधी नानकाई या मोठ्या कंपनीकडे होती. दरसाल सुमारे ५० कोटी येनचा तोटा होत होता आणि २००४ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की आम्हाला ही लाइन चालवणं जमणार नाही. तेव्हा तामा नावाची मांजर स्टेशनशेजारच्या किराणा दुकानातच असायची, पण ती कोणाला माहीत होती? उभे राहिले ते गावकरी. त्यांनी संघटना काढली, वर्षाला १००० येन वर्गणी ठेवली आणि हजारो लोक सभासद झाले. घोषणा काय, तर ‘बसा आणि वाचवा’. निवेदन देऊन घरी जायचं नाही, तिकीट काढून गाडीत बसायचं!

मग सरकारी बाजू हलली. रुळांखालची जमीन सार्वजनिक पैशातून घेतली गेली आणि पहिली १० वर्षं ठरावीक मर्यादेपर्यंतचा तोटा भरून द्यायचं स्थानिक पालिकांनी कबूल केलं. एवढं झाल्यावरच ओकायामाची एक ट्राम कंपनी पुढे आली आणि १ एप्रिल २००६ पासून वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे या नव्या नावाने गाड्या धावू लागल्या.

तामाची गोष्ट सुरू होते ती इथून. काटकसर म्हणून किशी स्टेशनवरचा माणूस काढून घेतला होता. तामा आणि तिच्यासोबतच्या मांजरींचं छप्पर जिथे होतं ती जागाही रिकामी करायची होती. दुकानवाल्या बाईंनी नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांना विनवलं, यांना स्टेशनात राहू द्या. जानेवारी २००७ मध्ये तामा रीतसर स्टेशनमास्तर झाली. पगार म्हणून मांजरीचं खाणं. लांबलांबून लोक तिला बघायला येऊ लागले, गाड्या भरू लागल्या. जून २०१५ मध्ये ती गेली तेव्हा निरोपाला हजारो माणसं जमली. फलाटावर तिचं छोटं देऊळ आहे. बाबांनी तिथे चप्पल काढली. मी म्हटलं, इथे काढत नाहीत. म्हणाले, ‘राहू दे.’

स्टेशनची इमारत २०१० मध्ये नव्याने बांधली. समोरून पाहिलं की मांजरीचा चेहरा : छपराला दोन कान, खाली दोन गोल डोळे. पण जवळ जाऊन बघा. छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचं आहे, इथल्या जुन्या देवळांवर असतं तसं, पातळ सालींचे थरावर थर लावलेलं. कडेला ते थर मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. चौदा किलोमीटरच्या लाइनवरच्या शेवटच्या स्टेशनाला देवळाचं छप्पर! ज्याने कोणी हे ठरवलं त्याला त्या गावाची किंमत कळलेली होती, असं मला मनापासून वाटतं.

बाबा मूळ मुर्तिजापूरकडचे. ‘शकुंतला’ या विदर्भातल्या, आता बंद पडलेल्या छोट्या रेल्वेने प्रवास केलेला माणूस. किशीच्या बाकावर बसून मी त्यांना हे सगळं सांगत होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मागणी तर आपल्याकडेही केली लोकांनी. पण तोटा आम्ही भरतो असं कोणी म्हटलं काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला राग येतो तो या ‘तोट्यातली लाइन’ शब्दाचा. गावातला रस्ता फायद्यात आहे का, असं कधी कोणी विचारतं? त्यावर डांबर पडतंच. रेल्वेचा मात्र दर वर्षी हिशोब मांडायचा. किशिगावा लाइन आजही श्रीमंत नाही. मांजर आली, स्ट्रॉबेरीची चित्रं असलेली गाडी आली, खेळण्यांची गाडी आली, तरी पैशाची ओढाताण आहेच. वाकायामाच्या लोकांनी एवढंच ठरवलं की शाळेत जाणारी पोरं आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे यांच्यासाठी हा खर्च आपण करायचा. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गळतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एखादी गोड मांजर मिळाली की झालं.

परतीच्या गाडीत पर्यटक मागच्या डब्यात फोटो काढत होते. पुढे एक आजी बसल्या होत्या, पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. मधल्या एका स्टेशनवर त्या उठल्या, ड्रायव्हरजवळच्या पेटीत भाडं टाकलं, त्याला वाकून काहीतरी म्हणाल्या आणि उतरल्या. उतरणारं दुसरं कोणी नव्हतं. ड्रायव्हरने आरशात पाहून त्या फलाटाच्या उतारावरून नीट खाली पोचेपर्यंत गाडी हलवली नाही.

ओसाका-क्योटोला येणाऱ्यांनो, एक दिवस काढा. टॅक्सी किंवा भाड्याची गाडी करून किशीला जाऊ नका, तिथे पार्किंग शोधू नका. वाकायामा स्टेशनला उतरा, ९ नंबरच्या फलाटावर जा आणि तिकीट काढून बसा. आता तामाच्या गादीवर तिच्या वारस मांजरी असतात. त्यांनाही साप्ताहिक सुटी असते, तेवढी आधी बघून घ्या.