‘लर्न्ट’ खोडू नका: भूतकाळाच्या दोन रूपांबद्दल फिरणारा मजकूर चुकीचा आहे

‘शिकलेली माणसेही करतात त्या इंग्रजीतल्या चुका’ असा एक लांबलचक मजकूर सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. दहावीतल्या भाचीने तो वाचला आणि निबंधातले तीन ‘लर्न्ट’ खोडून ‘लर्न्ड’ केले. खोडलेले तिन्ही शब्द बरोबर होते. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचे एकच रूप असते, दुसरे दिसले की ती चूक, ‘टी’ने संपणारी रूपे मोबाइलवर अक्षरे वाचवताना निघाली, ‘हँग्ड’ असा शब्दच नाही, ‘गॉटन’, ‘स्नक’, ‘लायटेड’ हे अडाणी इंग्रजी, आणि शिक्षकांनी अशा शब्दांचे गुण कापावेत.

मोबाइलचे आधी बघू, कारण मुलांना तेच पटकन पटते. ‘बर्न्ट ऑफरिंग’ हे शब्द 1611 च्या किंग जेम्स बायबलात पुन्हापुन्हा येतात. ‘ड्रेम्ट’ शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये आहे, म्हणजे 400 वर्षांपूर्वी. बरे, ‘लर्न्ड’चे ‘लर्न्ट’ केल्याने वाचते किती? एक अक्षर.

खरे कारण उच्चारात आहे. भूतकाळाचा प्रत्यय आधीच्या ध्वनीप्रमाणे कधी ‘ड’ तर कधी ‘ट’ ऐकू येतो. क, प, स यांच्यानंतर तो ‘ट’च होतो, ‘वॉक’च्या भूतकाळात आपण ‘ईडी’ लिहितो, पण तोंडातून ‘वॉक्ट’ निघते. ल, म, न यांच्यानंतर मात्र काही क्रियापदांत दोन्ही उच्चार टिकले, आणि जोड्यांची गर्दी तिथेच दिसते. यातले बर्न, लर्न, स्पेल, स्पिल, स्पॉइल, स्मेल यांचे फक्त शेपूट बदलते. ड्रीम, लीन, नील आणि ‘प’ने संपणारे असले तरी लीप यांचा स्वरही आखूड होतो: ड्रेम्ट, लेन्ट, नेल्ट, लेप्ट. म्हणून ‘ईडी’ लिहिलेले असेल तर ‘ड्रीम्ड’ वाचायचे आणि ‘टी’ असेल तर ‘ड्रेम्ट’. हे न सांगितल्यामुळे मुले एक लिहितात आणि दुसरे वाचतात.

इथे खरोखर घसरायला होते अशा तीन जागा आहेत आणि त्या मजकुरात त्यांचा पत्ताही नाही. ‘लीन’चा ‘लेन्ट’ आणि उसने देण्याच्या ‘लेंड’चा ‘लेन्ट’ कानाला सारखेच लागतात. पहिल्यात ‘ए’ जास्त असतो. वास घेण्याच्या ‘स्मेल’चा भूतकाळ ‘स्मेल्ट’ होतो, पण खनिज वितळवून धातू काढणे या अर्थाचे ‘स्मेल्ट’ हे वेगळे क्रियापद आहे आणि त्याचा भूतकाळ ‘स्मेल्टेड’च. तिसरी जागा ‘लर्न्ड’ची: हेच स्पेलिंग ‘विद्वान’ या अर्थाने विशेषण म्हणून आले की उच्चार दोन अवयवांचा, ‘लर्नेड’. कोर्टात वकील एकमेकांना ‘लर्नेड फ्रेंड’ म्हणतात ते हेच. क्रियापदाला ‘लर्न्ट’ वापरले की हा घोळ आपोआप टळतो. म्हणजे भाचीने खोडले तेच रूप वाचायला जास्त स्पष्ट होते.

‘एका क्रियापदाला एकच रूप’ हा नियम कोणी केला ते मजकुरात नाही, आणि भाषा तशी चालतही नाही. एरेझ लीबरमन, झाँ-बाप्टिस्ट मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली, तर मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली 145 अनियमित उरली होती आणि आज 98 आहेत. बाकीच्यांनी ‘ईडी’ धरले. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट लवकर नियमित होते, असे त्यांना आढळले. आता हा बदल काही एका रात्रीत होत नाही. जुने आणि नवे रूप पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतात, आणि त्या काळात दोन्ही बरोबर असतात. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो गेला. ‘वर्क’चा ‘रॉट’ क्रियापद म्हणून जवळजवळ गेला, पण खिडकीच्या ग्रिलच्या ‘रॉट आयर्न’मध्ये राहिला. आपल्याकडे ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ ही एकाच ‘म्हणणे’ची रूपे आहेत. त्यातले कोणते खोडणार?

‘हँग्ड’ शब्दच नाही, हे तर धडधडीत खोटे. जुन्या इंग्रजीत टांगण्याची वेगवेगळी क्रियापदे होती. ती पुढे एकमेकांत मिसळली आणि दोन भूतकाळ उरले. आज कोट, चित्र, पडदा यांना ‘हंग’. माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना 23 मार्च 1931 रोजी फाशी दिली गेली, हे वाक्य इंग्रजी माध्यमाचा मुलगा इतिहासाच्या पेपरात लिहील तेव्हा ‘वेअर हँग्ड’ हेच प्रमाण रूप आहे. हा मजकूर त्याला नेमके तेच बदलायला लावतो. अर्थाप्रमाणे रूप बदलणारी आणखीही क्रियापदे आहेत: चंद्र ‘शोन’, पण बूट ‘शाइन्ड’, वस्तू शंभर रुपयांना पडली तर ‘कॉस्ट’, पण खर्चाचा अंदाज काढला तर ‘कॉस्टेड’.

‘गेट’च्या ‘गॉटन’ या रूपाबद्दल मजकुरात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागेल. आपल्या शालेय पुस्तकांचे वळण ब्रिटिश आहे, त्यामुळे परीक्षेत ‘गॉट’ लिहिणेच सोयीचे. पण अशुद्ध? किंग जेम्स बायबलात ‘गॉटन’ आहे. अमेरिकेत त्याला स्वतःचे काम आहे: ‘आय हॅव गॉट’ म्हणजे माझ्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे मला मिळाले किंवा मी तसा झालो. ब्रिटिशांनीही ‘फर्गॉटन’ कुठे सोडले आहे?

‘लाइट’चे ‘लायटेड’ आणि ‘लिट’ दोन्ही चालतात. ‘स्नीक’चे (गुपचूप सटकणे) ‘स्नक’ अमेरिकेत 19 व्या शतकाच्या अखेरीस आले, ‘स्नीक्ड’ जुने. औपचारिक लेखनात ‘स्नीक्ड’ घ्या, एवढेच.

गुण कापायला सांगणे मात्र सगळ्यात घातक आहे. शिक्षकांनी आधी शब्दकोश उघडावा. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशात दोन रूपांमध्ये ‘ऑर’ असेल तर दोन्ही सारख्या मानाची. ‘ऑल्सो’ असेल तर दुसरे कमी वापराचे, पण मान्य. ‘चीफली ब्रिटिश’ असे लिहिलेले असेल तर ते प्रदेशाचे लेबल आहे, चुकीचे नव्हे. एकाच निबंधात वर ‘लर्न्ट’ आणि खाली ‘लर्न्ड’ आले तर समासात खूण करून एक पद्धत ठेवायला सांगावे. गुण कापायचेच असतील तर ‘टीच्ड’, ‘कॅच्ड’, ‘कटेड’, ‘चूज्ड’ यांचे कापा. त्या क्रियापदांच्या भूतकाळाला दुसरे मान्य रूप नाही, आणि त्या अख्ख्या मजकुरात या चौघांपैकी एकही नाही.