खारघरच्या ताईंना उत्तर: महागाचे रनिंग शूज सालसाला का नकोत?

नमस्कार ताई,

तुमचा सूर चढा असला तरी विचारलंय ते रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'सालसा शिकताना (म्हणजे जोडीने करायचा लॅटिन नाच) रनिंग शूज घालू नका,' असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं तीन गोष्टींचं: लेकीचे शूज चांगले महागाचे आहेत, ते का चालू नयेत; आपल्याकडे कथक नि लावणी अनवाणीच करतात, मग ही नवी थेरं कशाला; आणि मला दुकानदार कमिशन देतो का. शेवटचं आधी निकालात काढतो. नाही देत!

आता लेकीचा बूट उलटा करून बघा. फोमचा जाड थर आणि खाली रबराच्या खाचा. सरळ पुढे धावताना धक्का कमी बसावा आणि पाय घसरू नये, यासाठी तो केलेला. सालसात मात्र चवड्यावर गर्रकन वळायचं असतं. कंबर वळते, मांडी वळते, पाऊल मात्र खाचांनी फरशीला धरून ठेवलेलं. पीळ बसतो गुडघ्याला. जाड सोलमुळे बाजूला पाऊल टाकताना घोटा मुरगळायची भीती वेगळीच. पोरांना वाटतं, आपल्यालाच टर्न जमत नाही.

अनवाणी म्हणाल, तर कथकच्या ततकारात, म्हणजे पायांनी ताल वाजवताना, सगळा तळवा जमिनीवर पडतो. तो नाद बुटातून कसा निघणार? आणि चक्कर घेतात ती टाचेवर. टाच टणक, टेकते एवढीशी, म्हणून ती फिरते. लावणीतही ठेका उघड्या पावलाचाच, चाळ बोलतात ते त्यावर. सालसाचा टर्न चवड्यावर. तिथली कातडी घामेजली की फरशीला चिकटते आणि टर्न घेऊन घेऊन सोलवटते. आपल्याकडची पावसाळी दमट हवा माहीत आहेच तुम्हाला.

खरा प्रश्न फरशीचा आहे. क्लास सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आहे, असं तुम्हीच लिहिलंय. खारघर काय, घोडबंदर रोड काय, अशा हॉलमध्ये बहुधा व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. डान्सच्या बुटांना स्वेडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा, सोल असतो, तो मुळात लाकडी फ्लोअरसाठी. चकचकीत टाइलवर तो नवशिक्याला जरा जास्तच घसरतो. त्यामुळे लेकीसाठी आत्ताच डान्स शूज घ्या असं मी म्हणणारच नाही. घरात जुने, तळ झिजून गुळगुळीत झालेले कॅनव्हासचे बूट असतील तर तेच काढा. नसतील तर पातळ, सपाट, खाचा नसलेल्या सोलचे साधे बूट बघा.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दुकानात बूट हातात घेऊन वाकवा: चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मग घालून तिथल्याच फरशीवर चवड्यावर अर्धं वळायला सांगा. बूट पायाबरोबर फिरला पाहिजे आणि आत टाच हलता कामा नये. दुकानदार बघत बसेल, बसू दे. दोन-अडीच इंची हील्सची घाई तर मुळीच नको. बेसिक स्टेप अंगात बसेपर्यंत सपाटच बरं.

पुढे लाकडी फ्लोअरवर जायची वेळ आली, तर तेव्हाही नवा जोड लागेलच असं नाही. स्टेशनजवळच्या गटईवाल्याकडे जुन्या सपाट बुटांना खालून स्वेड चिकटवून मिळतं का, ते विचारा. नव्या जोडापेक्षा पुष्कळ स्वस्तात भागेल. फक्त ते घालून रस्त्यावर उतरायचं नाही. स्वेड भिजलं की त्याचे तंतू बसतात, मग तारेच्या ब्रशने घासून उठवावे लागतात. क्लासला जाताना पायात चप्पल, बूट पिशवीत.