रातभर पाजलेला मोबाईल

मे महिन्यात आमच्या अमळनेरकडे सकाळी दहानंतर माणूसच नीट चालू होत नाही, तर मोबाईलला काय बोलणार! पण त्या दिवशी आत्ता कुठे साडेसहा वाजले होते. अकराला मला पारोळ्यात एका साखरपुड्याला पोचायचं होतं. कार्यालयाचं नाव मोबाईलमध्ये, ज्यांना विचारायचं त्यांचे नंबर मोबाईलमध्ये, आणि मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावूनही काळाठिक्कर.

बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग जरा प्रेमाने दाबलं.

"रातभर पाजं ना त्याले?" आईने ओसरीवरून विचारलं. "मंग काब्र उठत नही तो?"

बायकोने स्वतःच्या मोबाईलवरून मला फोन लावला. रिंग वाजली असती तर नुसता स्क्रीन गेला असं समजलो असतो. पण ती बाई उत्तरली, की हा नंबर बंद आहे. बंद आहे हे मलाही दिसत होतं.

पुतण्या अंथरुणातूनच म्हणाला, "काका, पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम वीस सेकंद दाबून धरा." धरलं. अंगठा पांढरा पडला, मोबाईल काळाच राहिला. "मग चार्जरला लावा आणि अर्धा तास हात लावू नका. बॅटरी पार तळाला गेली की लगेच जीव धरत नाही." गाय व्यायला आल्यावर गोठ्यात जशा चकरा होतात, तशा मी त्या अर्ध्या तासात मारल्या.

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. त्यांच्या मते मोबाईल तांदळात ठेवायचा. अहो, तो भिजलाच नाही तर सुकवायचा काय? (भिजला असता तरी तांदळाने काही होत नाही, पण आप्पांना हे कोण सांगणार?) शिवाय खान्देशातल्या घरात मोबाईल बुडेल एवढा तांदूळ असतो का? आई म्हणाली, ज्वारीच्या कोठीत ठेव. या गोंधळात नातवाने तो फ्रिजमध्ये नेऊन ठेवला, भेंडीशेजारी. गार होऊन परत उकाड्यात आला की आत पाणी धरतं म्हणून पुतण्या धावत सुटला. आज घरातलं कुणी पहिल्यांदाच माझ्या कामासाठी धावलं.

मोबाईल 0 ते 35 अंशांत वापरा, असं पुष्कळ कंपन्या सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास खेळतो. त्या हिशेबाने उन्हाळाभर आम्ही पोस्टकार्डंच लिहायला पाहिजेत.

शेवटी तोच चार्जर, तीच केबल बायकोच्या मोबाईलला लावली. पिन खटकन आत बसली आणि चार्जिंग सुरू. म्हणजे दोष माझ्याच बाजूला, आणि हे बायकोने आप्पांसमोर मोठ्याने म्हणून घेतलं. माझ्या मोबाईलला मात्र आठवडाभर पिन नखाएवढी बाहेर राहत होती. मी समजायचो केबल जुनी झाली; दाबून बसवायचो आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन घोरायचो. आईने गोधडीची सुई पुढे केली. मी हात आखडला, हे नशीब.

बाजारपेठेतल्या दुकानातल्या पोराने मोबाईल हातात घेतला, टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात डोकावला आणि हसला. लाकडी टूथपिक कडेकडेने फिरवली. आधी काळपट धूळ निघाली, मग पांढरं. ओढतोय, ओढतोय, संपेच ना! काउंटरवर मांडलं तेव्हा देवघरातल्या निरांजनाला दोन दिवस पुरेल एवढी वात तयार. रोज पिन खुपसून मीच ती आत ठासून बसवली होती. रात्रभर पाजलं म्हणता म्हणता पोरगं उपाशीच निजलं होतं.

"सुई नही ना घाली?" पोराने विचारलं. "आतल्या पिना वाकतीस तेन्हामुळे."

"नही."

केबल लावली. पिन पहिल्यांदा खटकन बसली. दहा मिनिटांनी पडद्यावर बॅटरीचं चित्र उगवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. घड्याळात मात्र पावणेअकरा.

माझा चार्जर ज्या खोलीत आहे, तिथे दिवाळीपासूनचा कापूस छतापर्यंत रचलेला. भाव वाढेल म्हणून ठेवलाय. अंगाला खाज, डाळीत तंतू, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल त्याच ढिगाऱ्यावर ठेवायची माझी सवय.

"काका, कापूस घरमाच शे का अजून?"

"भाव येऊ दे."

पन्नासची नोट गल्ल्यात टाकत तो म्हणाला, "मंग महिनाले एक चक्कर मारत ऱ्हा."