प्रदेशांवर असे शिक्के मारू नका
ग्रामीण भाग सामाजिक मुद्द्यांवर मत देतो आणि शहरं पोटापाण्याच्या, ही एका लेखातली मांडणी मला अजिबात पटली नाही. अमेरिकेतलं मिझुरी राज्य घ्या. २०२४ मध्ये तिथे गर्भपातावर बंधनं हवी असणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प सहज जिंकले. त्याच दिवशी तिथल्याच मतदारांनी गर्भपाताचा हक्क त्या राज्याच्या घटनेत घातला, वर किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेणारा प्रस्तावही मंजूर केला. (फ्लोरिडात २०२० ला वेतनाबाबत असंच झालं होतं.) प्रश्न सुटा विचारला की लोक वेगळं उत्तर देतात, उमेदवार निवडताना मात्र सगळं एकाच मतात कोंबावं लागतं. आणि गर्भपाताला निव्वळ 'सामाजिक' मुद्दा कसं म्हणायचं? नको असताना मूल झालं की त्या बाईची नोकरी, घरभाडं, शिक्षण, सगळंच हलतं.