आडवा की उभा?

नवा गेमिंग कन्सोल घ्यायचा ठरल्यापासून मी टेराफ्लॉप, रे ट्रेसिंग, १२० फ्रेम वगैरे शब्द तोंडपाठ केले होते. एकच आकडा बघायचा राहिला: टीव्हीच्या कपाटातल्या खणाची उंची.

यंत्र खणापेक्षा चांगलं चार बोटं उंच निघालं. "मग आडवा ठेव," बायको म्हणाली. आडवा ठेवला तर पुढून इतका बाहेर आला की कपाटाचं दार लागेना. दार काढलं. मग माहितीपुस्तिका वाचली (तिसऱ्या दिवशी, नेहमीप्रमाणे). चहूबाजूंनी दहा सेंटीमीटर मोकळी हवा हवी म्हणे! या घरात एवढी मोकळी हवा मलाही मिळत नाही.

एवढं धूड कशासाठी, तर उष्णतेसाठी. खेळ रंगात आला की असा कन्सोल दोनशे वॉटच्या आसपास वीज खातो, आणि खाल्लेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून आत भलामोठा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि तळहाताहून मोठा पंखा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुरतो, त्यामुळे आवाज होत नाही. हे मात्र खरोखर छान जमलंय. पण निन्टेन्डोचा २००१ चा गेमक्यूब कन्सोल आठवा: जेमतेम १५ सेंटीमीटर रुंद, वर उचलायला मूठ. २०२० चा प्लेस्टेशन ५ आला तो ३९ सेंटीमीटर उंच आणि साडेचार किलोचा. मूठ खरी कुणाला लागणार होती?

किंमत रास्त आहे, हे घरी मीच पटवून दिलं होतं. तेवढ्याच ताकदीचा पीसी जुळवायचा तर जास्त पैसे मोजावे लागतात, हेही खोटं नाही. कंपन्या यंत्रावर फारसं कमवत नाहीत, कधी कधी तोटाही सोसतात, आणि पुढे खेळांतून, ऑनलाइन वर्गणीतून वसूल करतात, असं मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो.

"कुणाकडून वसूल करतात?" बायकोनं विचारलं.

डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त पडलं म्हणून तेच आणलं होतं. साठवलेल्या डिस्का आता कपाखाली ठेवतो. डब्यावर १ टेराबाइट (म्हणजे हजार जीबी) साठवणीची जागा लिहिलीय. सिस्टिमनं आपला वाटा काढल्यावर उरले आठशे जीबी, त्यात दीडशे जीबीचा एकेक खेळ. सहावा खेळ आला की पहिल्यानं घर सोडायचं. आणि १२० फ्रेम म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, पण आमचा टीव्ही ६० चित्रंच दाखवतो. "मग उरलेली ६० कुठं जातात?" हा मुलाचा प्रश्न मी अभ्यासाच्या नावाखाली उडवून लावला.

यंत्राची मेमरी (चालू खेळासाठी लागणारी, म्हणजे रॅम) १६ जीबी, म्हणजे प्लेस्टेशन २ च्या ३२ एमबीच्या ५१२ पट. मुलगा त्यावर सध्या रंगीत ठोकळे रचायचा एक फुकट खेळ खेळतो. पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. कपाटाचं दार अजून गॅलरीत उभं आहे.