शिकंजीचा शिकंजा

पुण्याहून साडू इंदुरात आले की सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, नेणं आलंच. परवा नेलं. शिकंजीच्या ग्लासात चमचा उभा बघून साहेब म्हणाले, "अहो, ह्यात लिंबू कुठंय?"

लिंबू दिल्लीकडं. आमच्या इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, दह्याची जराशी आंबट झाक, केशर, वेलची, जायफळ. मला चेव आला. म्हटलं, शब्द मूळचा फारसी. सिरका म्हणजे व्हिनेगर, अंगबीन म्हणजे मध. दोन्ही मिळून सिकंजबीन. हकीम लोकांचं सरबत. इकडं सिरक्याच्या जागी लिंबू आलं, मधाच्या जागी साखर, आणि इंदुरात तर लिंबूही गेलं, नाव तेवढं राहिलं.

साडू मान डोलावतच होते, तेवढ्यात बाजूचे गृहस्थ वळले. गळ्यात मफलर, कोपरात हेल्मेट, हातात थाळीएवढा जलेबा.

"कशाला पाहुण्यांना फसवून राहिलेत? व्हिनेगर चायनीजमध्ये घालतात. शिकंजी आली शिकंज्यातून! एकदा प्यायलात की धरलंच!" असं म्हणून त्यांनी साडूंचं मनगट खरोखरच धरलं. पाकाच्या हातानं. घड्याळासकट.

साडू बेहद्द खूश. "वा! हे पटतं."

"हे कुठं लिहिलंय?" मी.

"लिहायचं कशाला? माझे आजोबा होळकरांकडे होते."

इंदुरात सगळ्यांचेच आजोबा होळकरांकडे होते. माझेही. "कोणत्या खात्यात?" तर म्हणे, "भिया, खात्याचं सोडा, खाण्याचं बोला." दुकानदारासकट सगळे हसले. शिकंजासुद्धा फारसीच, आणि तिकडं त्याचा अर्थ छळ, हे सांगायला तोंड उघडलं. पण छळ चालूच होता, अर्थ कोणाला हवाय?

मला खरं लागलं ते वेगळंच. मी "येऊन राहिलो" म्हटलं की हेच साडू चारचौघांत "येतोय म्हणा" म्हणून सुधारतात. मफलरवाल्याचं "फसवून राहिलेत" मात्र गोड! घरी येऊन साडूंनी शिकंज्याची गोष्ट दोनदा सांगितली, बायको दोन्ही वेळा हसली, आणि मला म्हणाली, "तुम्ही पण ना, व्हिनेगर काय!" वर ग्लास तीन झाले होते. तिसरा मफलरवाल्यांचा. पैसे माझे.

आज पुण्याहून फोन. घड्याळाचा पट्टा अजून चिकटतोय, काय लावावं?

व्हिनेगर लावा म्हटलं.